दिग्दर्शक आणि त्याचे सहकारी

नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक नटाची वाहवा करतो, क्वचित नाटककाराची आठवण काढतो. दिग्दर्शकाचे नाव मात्र त्याच्या ओठांवर सहसा येत नाही. यात प्रेक्षकाचा दोष नाही. दिग्दर्शकाचे काम प्रयोगात पूर्णपणे विरघळून जावे, हेच त्या कलेचे यश होय. विजया मेहता यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

पूर्वीच्या नाटकमंडळ्यांत तालीममास्तर असे. शब्दाचा उच्चार, हाताचा अभिनय, पावलांची जागा ही सारी तो स्वतः करून दाखवी आणि नटाने त्याचे अनुकरण करावयाचे, अशी रीत होती. त्या शिस्तीने मोठमोठे नट घडविले, हे निर्विवाद आहे. परंतु नटाच्या स्वतःच्या विचाराला त्यात वाव थोडा. १९३४ साली बडोद्यास जन्मलेल्या विजया जयवंत, पुढील विजया मेहता, यांनी इब्राहिम अल्काझी व आदी मर्झबान यांच्यापाशी नाट्यशिक्षण घेतले आणि निराळी वाट धरली.

१९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृती मित्रांसह त्यांनी मुंबईस 'रंगायन' ही संस्था उभी केली. तिचा आधार तिकीटखिडकीचा नव्हता, सभासदांचा होता. म्हणून धाडस करणे शक्य झाले. आयनेस्कोच्या 'खुर्च्या', तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!', चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' अशी नाटके तेथे झाली. नाटककार आपली संहिता देऊन मोकळा होत नसे. दिग्दर्शिका, नट आणि लेखक एकाच प्रश्नाभोवती बसत.

या पद्धतीचे फळ विदर्भासही लाभले. सिनेमाची तिकिटे न मिळाल्यामुळे नागपुरातील एक तरुण 'मी जिंकलो! मी हरलो!' या नाटकास जाऊन बसला आणि आपणही नाटके लिहावीत, असे त्याच्या मनाने घेतले. तो तरुण म्हणजे महेश एलकुंचवार. पुढे त्यांच्या 'सुलतान', 'होळी' इत्यादी एकांकिका विजयाबाईंनीच रंगमंचावर आणल्या. एका चांगल्या प्रयोगाने दुसरा नाटककार निर्माण करावा, याहून मोठे सहकार्य कोणते?

सहकार्याचा मार्ग सुखाचाच असतो, असे मात्र नाही. 'रंगायन' पुढे विस्कटली आणि १९७१ साली देशपांडे दांपत्य व अरुण काकडे यांनी 'आविष्कार' स्थापिली. समान विचारांची माणसेही कायम एका छपराखाली राहत नाहीत. परंतु शिकलेली रीत माणसाबरोबर जाते. विजयाबाईंनी ती धंदेवाईक रंगभूमीवर नेली. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासमवेत ब्रेख्तच्या नाटकाचे 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूप त्यांनी उभे केले, तेव्हा भाषांतर खानोलकरांचे होते आणि संगीत भास्कर चंदावरकरांचे. 'बॅरिस्टर' आणि 'हमीदाबाईची कोठी' या नाटकांत तर त्या स्वतः भूमिकाही करीत होत्या. म्हणजे ज्या नटांना सूचना द्यावयाच्या, त्यांच्याच शेजारी उभे राहून आपलाही कस लावावयाचा.

या सर्वांची कसोटी १९८५ साली 'वाडा चिरेबंदी'त लागली. धरणगावकर देशपांड्यांचे हे नाटक. तात्याजी वारल्यावर मुंबईचा मुलगा घरी येतो. अंगणात मोडका ट्रॅक्टर गंजत पडलेला, वाटणीचा प्रश्न दाराशी उभा, आणि वृद्ध आजी आतून वेळ विचारीत राहते. पात्रांच्या तोंडी विदर्भाची बोली आहे. शहरी प्रेक्षकांपुढे ती बोली हास्यास्पद ठरली असती, तर नाटक कोसळले असते. दिग्दर्शिकेने बोलीला विनोदाची खूण होऊ दिले नाही. ती एका घराच्या दुःखाची भाषा म्हणून नटांकडून आत्मसात करविली. नाटककाराचा प्रदेश, नटाचा कंठ आणि नेपथ्यातील भिंती यांचा मेळ बसला, तेव्हाच तो वाडा मुंबईच्या रंगमंचावर खरा वाटला. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्याचे पुढील दोन भाग जोडून संपूर्ण त्रिनाट्य सादर केले. त्या इमारतीचा पाया आधीच भक्कम घातला गेला होता.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याच्या जानेफळासारख्या गावी जी हौशी मंडळी नाटक बसवू म्हणतील, त्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी मुंबईचे नाट्यगृह नको, महागडे पडदेही नकोत. प्रथम सर्वांनी एकत्र बसून संहिता वाचावी, प्रत्येकाने आपल्या पात्राविषयी प्रश्न विचारावा, आणि दिग्दर्शकाने उत्तर देण्याची घाई करू नये. आपल्या बोलीची लाज बाळगू नये, तिचा तमाशाही करू नये. विजया मेहतांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८७ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या हाताखाली घडलेले नट आणि त्यांच्या प्रयोगांनी लिहिते झालेले लेखक, हीच त्या कारकीर्दीची अधिक टिकाऊ पावती होय.