पाइपचा एक इंच



लडाखमध्ये असताना बंकरमध्ये शिरलो की मी आधी बुखारीचा पाइप बघायचो, मग जवानांची विचारपूस. सांधा ढिला झालाय का? टोकावर बर्फ साचलाय का? झोपण्याआधी बुखारी बंद, हा तर नियमच. आणि तोच मी, निवृत्तीनंतर देहरादूनच्या स्वतःच्या घरात चुकलो.

गॅस गिझर बसवत होतो. गिझरचं धूर सोडणारं तोंड ४ इंचाचं, मिस्त्रीकडे पाइप ३ इंचाचा. ‘चल जाएगा, साहब.’ मी मान डोलावली. त्याने दोन एल्बो लावून पाइप आडवा नेला आणि खिडकीखाली सोडला.

डिसेंबरात एका सकाळी पत्नी अंघोळीहून आली ती भिंतीला धरूनच. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. तिला वाटलं पित्त. मला बंकर आठवला. गिझर बंद केला, तिला बाहेर मोकळ्या हवेत आणलं आणि थेट रुग्णालय गाठलं. वेळेवर कळलं, म्हणून ती वाचली.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो.

आता हिशोब बघा. ३ इंची पाइपची वाट ४ इंचीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. साध्या गिझरच्या पाइपला मोटर नसते. गरम धूर हलका होऊन आपोआप वर चढतो, एवढाच त्याचा जोर. वाट अरुंद केली, वळणं वाढवली, की धूर खोलीत परततो. फार रुंद पाइपही नको, त्यात धूर थंड होऊन रेंगाळतो.

म्हणून पाच गोष्टी पाळा. पाइप गिझरच्या तोंडापेक्षा लहान कधीच नको. आडवा भाग कमीत कमी, आणि दर मीटरला निदान २ सेंटिमीटर चढता. वळणं मोजकी. वरचं टोक छताच्या वर, टोपीसह, खिडकीपासून दूर. आणि गिझर बाथरूमच्या बाहेर, हवा खेळती असेल तिथे. एक किलो गॅस जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते; छोट्या बाथरूममध्ये त्याच्या निम्मीही नसते.

शेवटी तपासणी. दारं-खिडक्या लावा, घरातले एक्झॉस्ट पंखे चालू करा, गिझर पाच मिनिटं चालवा. मग धूर जिथून पाइपमध्ये शिरतो तिथे उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर फेकला गेला तर गिझर बंद करा, खिडक्या उघडा आणि जाणकाराला बोलवा. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

जवानांसाठी रोज पाइप तपासणारा मी, घरच्यांसाठी ‘चल जाएगा’ला हो म्हणालो. तुम्ही म्हणू नका.

जय हिंद.