नियमशास्त्र आणि कृपा



एका जैन माणसाने ख्रिस्ती श्रद्धेवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. विषय मीच मागून घेतला आहे, तेव्हा त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी बेळगावात माझ्या दवाखान्यात एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक येत असत. रात्री झोप लागत नाही, ही त्यांची तक्रार. झोपेविषयी विचारता विचारता बोलणे घरापर्यंत गेले. धाकट्या भावाने वडिलांचा पैसा उधळला, घर सोडले, आणि साठी उलटल्यावर तो पश्चात्ताप करून परत आला. चर्चच्या मंडळींनी त्याला जवळ घेतले. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, मी कधी कुणाचा पैसा बुडवला नाही, रविवारची उपासना चुकवली नाही, आईचे शेवटपर्यंत केले. आता पाद्रीसाहेब सांगतात, देवाची कृपा दोघांवर सारखीच. मग मी जन्मभर जे पाळले, त्याचे काय?"

मी म्हणालो, "गुरुजी, आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. ज्याचे कर्म त्याला." ते हसले नाहीत. "तुमचे बरे आहे," एवढेच बोलून उठले. उत्तर देताना मी त्यांचा प्रश्न ऐकलाच नव्हता, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आले. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचू लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मराठी बायबलात दोन शब्द वारंवार भेटतात : नियमशास्त्र आणि कृपा. नियमशास्त्र म्हणजे यहुदी लोकांची तोरा, मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पहिले पाच ग्रंथ. त्यांतील आज्ञांची परंपरागत संख्या ६१३ मानतात. त्यांत खून, चोरी, व्यभिचार यांची मनाई आहे. तशीच शब्बाथाची विश्रांती, काय खावे आणि काय खाऊ नये, शेत कापताना कडेचे पीक गरिबांसाठी कसे सोडावे, हेही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की जुना करार म्हणजे कडक कायदा आणि नवा करार म्हणजे दया. माझीही तीच होती. पण निर्गम हे पुस्तक क्रमाने वाचले तर ती टिकत नाही. इस्राएली लोक मिसरात गुलाम आहेत. देव त्यांना आधी सोडवतो, समुद्रातून पार नेतो, आणि नंतर सीनाय पर्वतावर आज्ञा देतो. दहा आज्ञांचा आरंभही सुटकेच्या आठवणीने होतो. आज्ञा पाळा म्हणजे सोडवीन, असे तिथे नाही; सोडवले आहे, आता असे वागा, असा तो क्रम आहे. म्हणूनच यहुदी माणसाला तोरा ओझे वाटत नाही. वर्षभराचे वाचन पुरे झाले की सिम्हात तोरा नावाच्या सणाला ते तोरेच्या गुंडाळ्या हातात घेऊन नाचतात. पौलाच्या काळच्या यहुदी धर्मातही आज्ञापालन हे देवाची मर्जी विकत घेण्याचे साधन नव्हते, आधीच मिळालेल्या करारात राहण्याची ती रीत होती, असे ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने १९७७ साली सविस्तर मांडले आणि ख्रिस्ती पंडितांना आपली जुनी चित्रे पुन्हा तपासावी लागली.

मग भांडण कुठे झाले? ते झाले जेवणाच्या पंक्तीत. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. पहिल्या शतकाच्या मध्यावर अंत्युखिया शहरात येशूला मानणारे यहुदी आणि यहुदी नसलेले लोक एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र हाही त्यांत बसे. पुढे यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, आणि त्यांच्या भीतीने पेत्र पंक्तीतून उठून वेगळा झाला. पौलाने सर्वांदेखत त्याला खडसावले. ही हकिकत पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. प्रश्न असा होता : बाहेरून आलेल्या माणसाने सुंता करून, खाण्यापिण्याचे नियम स्वीकारून आधी यहुदी व्हावे, आणि मगच त्याला पूर्ण मानाने पंक्तीत घ्यावे का? पौलाचे उत्तर 'नाही' असे होते. देवाने ज्याला जवळ केले, त्याला तुम्ही अर्धा ठेवू शकत नाही.

हे म्हणणारा पौल नियम न पाळणारा माणूस नव्हता. तो परूशी पंथाचा, नियमांत मुरलेला आणि त्यांच्या अभिमानापायी येशूच्या अनुयायांचा छळ केलेला. नियमशास्त्र पवित्र आहे असे तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही म्हणतो. पण त्याचे काम मर्यादित आहे. त्यासाठी त्याने दिलेली उपमा ग्रीक घरांतली आहे. मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, वाटेत दटावणारा एक गुलाम असे. तो शिक्षक नव्हे आणि बापही नव्हे. मूल वयात आले की त्याचे काम संपते. माझ्या धंद्यातली उपमा द्यायची तर थर्मामीटर ताप नेमका दाखवतो, पण ताप उतरवणे त्याच्या हातात नाही. चांगले काय ते कळते, ते करावेसेही वाटते, तरी हातून नको तेच घडते, ही तक्रार पौलाने त्याच पत्रात केली आहे. दारू सोडण्याची शपथ वाहून आठव्या दिवशी पुन्हा आलेला माणूस ज्याने समोर बसवून घेतला आहे, त्याला ही तक्रार पोथीतली वाटणार नाही.

या तक्रारीवर पुढे दीड हजार वर्षे वाद झाले. ब्रिटनकडून आलेला पेलाजियस म्हणे, देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसात आहे. सबबी सांगू नका. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचे म्हणणे, इच्छाशक्तीच आजारी असेल तर तिला हुकूम करून काय होणार? आधी तिला बरे केले पाहिजे, आणि ते काम कृपेचे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत अमान्य केले. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात माझे मन पेलाजियसकडेच झुकले. तो जवळजवळ आपल्यासारखे बोलतो.

मार्टिन ल्यूथरने मात्र मला थांबवले. १५०५ साली तो मठात गेला. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसर ठेवली नाही. तासन् तास पापांची कबुली द्यायचा, आणि काही राहून गेले असेल या धास्तीने पुन्हा परत यायचा. अशी माणसे आम्हा डॉक्टरांना ठाऊक असतात. ती आळशी नसतात, उलट फार प्रामाणिक असतात, आणि तो प्रामाणिकपणाच त्यांना खातो. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारा न्याय, असे ल्यूथर समजत होता. रोमकरांस पत्र पुन्हा पुन्हा वाचताना त्याला दुसरा अर्थ सापडला : देव आपले नीतिमत्त्व माणसाला दान देतो, आणि ते विश्वासाने घ्यायचे असते. १५१७ मध्ये पापमोचनाच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध त्याने ९५ सूत्रे मांडली आणि युरोप दुभंगला. कॅथॉलिक चर्चने १५४७ साली त्रेंतच्या धर्मसभेत उत्तर दिले : आरंभ कृपेनेच होतो हे खरे, पण माणूस त्या कृपेला साथ देतो आणि सत्कर्मांनी तिच्यात वाढतो. पुष्कळ रक्त सांडल्यानंतर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथॉलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो, आणि ही कृपा त्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करते, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले.

आता तुमच्या मनात येईल तोच आक्षेप माझ्याही मनात होता. सगळे माफच होणार असेल तर पाप करायला मोकळीक झाली! हा आक्षेप पौलाच्याही कानी आला होता आणि त्याने तो झिडकारला. याकोबाच्या पत्रातही कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असा स्पष्ट इशारा आहे. विसाव्या शतकात डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाद्रीने १९३७ च्या आपल्या ग्रंथात 'स्वस्त कृपे'वर कोरडे ओढले. माणूस बदलत नाही, किंमत मोजत नाही, आणि तरी क्षमेच्या गोष्टी करतो, ती स्वस्त कृपा. हिटलरच्या राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली. तेव्हा कृपा म्हणजे सवलत, असे म्हणण्याआधी जरा थांबावे लागते.

हा विषय मराठीला परका नाही. फादर स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. पण मला अधिक जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची वाट. शास्त्रे पाठ असलेली ही बाई इंग्लंडला गेली. तिथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी तिने पाहिल्या. आपल्या शास्त्रांत अशा बाईसाठी शिक्षा सांगितलेली तिने वाचली होती. इथे कुणी तिला हात देत होते. शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलणाऱ्या येशूची गोष्ट तिने वाचली, आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. मात्र पुढे तिनेच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते उमगायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. म्हणजे एक नियमावली सोडून दुसरी नियमावली धरणे आणि कृपा कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी तिने जे घर उभारले, त्याचे नाव कृपासदन. कृपा या शब्दाचा अर्थ तिने असा विटामातीत बांधून ठेवला. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने संपूर्ण बायबल मराठीत आणले.

आता माझ्या घराकडे येतो. आमचे तीर्थंकर वीतराग आहेत. ते कोणावर रागावत नाहीत आणि कोणावर प्रसन्नही होत नाहीत. णमोकार मंत्रात आम्ही वंदन करतो, मागत काही नाही. कर्माचा आस्रव होतो, बंध होतो. संवराने तो थांबवायचा आणि तपाने निर्जरा करायची. हा नियम कुणी दिलेला नाही, तो आहेच. विस्तवात हात घातला तर भाजतो. विस्तव शिक्षा करीत नाही, आणि क्षमाही करीत नाही.

गुरुजींचा प्रश्न मला का कळला नव्हता, ते इथे उलगडले. ख्रिस्ती आणि यहुदी श्रद्धेत नियमाला देणारा कोणी आहे. तिथे नियम मोडणे म्हणजे कुणाचे तरी मन मोडणे. विस्तवाने भाजलेला हात औषधाने बरा होतो. पण मुलाने बापाला दुखावले तर मुलाने कितीही भरपाई केली तरी बापाने जवळ घेतल्याशिवाय ते पुरे होत नाही. जिथे देणारा आहे तिथेच कृपेला जागा आहे. आमच्या विचारात देणारा नाही, म्हणून तिथे कृपाही बसत नाही. दोन्हींची सरमिसळ करून 'सर्व धर्म एकच' असे म्हणणे मला पटत नाही. मी जैन आहे आणि जैनच राहणार.

तरीही एक गोष्ट मला माझ्याच घरात नव्याने दिसली. पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही घरोघर जाऊन क्षमा मागतो. कर्माचा हिशेब कोणी मिटवू शकत नाही, हे माहीत असूनही मागतो. कित्येक वर्षे मी हे शब्द सगळ्यांना म्हणालो. ज्यांच्याशी भांडण होते तेवढ्यांना सोडून. नियम पाळला होता, पण तो ज्यासाठी होता ते राहूनच गेले होते.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आपण धाकट्याची गोष्ट म्हणून ती सांगतो. पण तिचा शेवट थोरल्यापाशी आहे. घरात मेजवानी चालू आहे आणि शेतावरून आलेला थोरला रागाने दाराबाहेर उभा आहे. इतकी वर्षे राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही, असे तो म्हणतो. बाप धाकट्याला भेटायला धावला होता, तसाच तो थोरल्यासाठीही बाहेर येतो आणि विनवणी करतो. माझे ते सगळे तुझेच आहे, असे त्याला सांगतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

वर्षभराने गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी त्यांची आधी क्षमा मागितली आणि मग ही गोष्ट काढली. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. "शाळेत शिकवली आहे हो मी," ते म्हणाले, "पण त्यातला थोरला मी आहे, हे मान्य करायला वेळ लागला." नाताळात ते भावाकडे जाऊन जेवून आले होते. मी विचारले, मनातला हिशेब मिटला का? ते म्हणाले, "नाही मिटला. पण जाऊन आलो."

त्यांचा मूळ प्रश्न होता, जे पाळले त्याचे काय. मला आज सुचते ते उत्तर असे : जे पाळले ते वाया गेले नाही, त्यामुळेच ते इतकी वर्षे घरात होते, आणि बापाशेजारी राहणे हाच त्यांचा वाटा होता. मात्र त्या पाळण्याची पावती करून ती भावासमोर धरली, की तोच नियम आपल्याला दाराबाहेर उभा करतो. हे ख्रिस्ती माणसापुरते खरे आहे की तुमच्या-माझ्या घरालाही लागू आहे, ते ज्याचे त्याने आपल्या घरी जाऊन पाहावे.

 बोलण्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला असेल तर क्षमा असावी.