‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ आणि घरातलं टेबल

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. आधीच सांगते, लहान मुलं जवळ असताना तो लावू नका. मारहाण, शिवीगाळ खूप आहे आणि तुरुंगातला एक प्रसंग तर मला बघवला नाही. सिनेमा १९९८ सालचा, ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’. डेरेकचं काम एडवर्ड नॉर्टननं केलंय.

गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिस बीच भागातली. वडील अग्निशमन दलात, कामावर असताना गोळी लागून गेले. मग थोरला डेरेक डोकं भादरतो, छातीवर स्वस्तिक गोंदवतो. आपण दारात काढतो ते नव्हे, हिटलरच्या नाझींचं. एका रात्री गाडी चोरायला आलेल्या दोन काळ्या तरुणांना तो ठार मारतो. शिक्षा होते तीन वर्षांची.

तुरुंगात त्याच्यासोबत कपड्यांच्या घड्या घालायला लॅमाँट नावाचा काळा कैदी असतो. हळूहळू दोघं बोलायला लागतात. लॅमाँटनं चोरला होता एक टीव्ही. पकडताना तो पोलिसाच्या पायावर पडला, म्हणून हल्ल्याचा गुन्हा लागला आणि सहा वर्षं! दोन खून करणाऱ्याला तीन, टीव्हीवाल्याला सहा. इथे डेरेक गप्प होतो. माणूस बदलतो तो भाषणानं नाही, शेजारी बसून घड्या घालताना, हे मला पटलं. लॅमाँटचं घर, त्याची आई मात्र आपल्याला कधीच दिसत नाही, ही सिनेमातली उणीवच.

सुटून आलेला डेरेक धाकट्या डॅनीला त्याच वाटेवरून ओढून आणायला धडपडतो. जमतं का, ते तुम्हीच बघा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. वडिलांच्या खुनामुळे डेरेक असा झाला, असं आपण बराच वेळ धरून चालतो. मग शेवटाकडे एक जुना प्रसंग येतो. वडील जिवंत आहेत, घरचे टेबलाशी बसलेत. डेरेक आपल्या काळ्या शिक्षकांचं, स्वीनी सरांचं, कौतुक करतोय. वडील आवाज न चढवता, अगदी समजावणीच्या सुरात सांगतात की अशांचं सगळंच खरं मानू नकोस, त्यांना नोकऱ्यासुद्धा रंगामुळे मिळतात. वडील प्रेमळच आहेत. पोरगा ऐकतो, मान हलवतो. खून त्यानंतरचा.

तिथे मी सिनेमा थांबवला. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे जेवताना एका पाहुण्यांनी मुलाच्या वर्गशिक्षिकेच्या जातीवरून काहीतरी म्हटलं, ‘कोट्यातून आलेल्या असतील’ वगैरे. सगळे हसले. वाढता वाढता मीही हसले. मुलगा तिथेच बसला होता, पोळी तोडत. त्या बाई त्याला फार आवडायच्या. हल्ली तो घरी त्यांचं नाव काढत नाही, आणि का, ते मी अजून विचारलेलं नाही.