वजन कमी, म्हणून लायसन्स रद्द!

आजची गोष्ट एका 50 सीसीच्या गाडीची. म्हणजे इंजिन आपल्या ॲक्टिव्हाच्या निम्म्याहून लहान. पण ती धावली कुठे, ते ऐका.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे टीटी रेस होते. रोजच्या वापरातले रस्ते बंद करायचे आणि त्यावरच गाड्या पळवायच्या. एक फेरी साधारण 60 किलोमीटरची. कडेला दगडी भिंती, घरं, खांब. वळण चुकलं की संपलंच.

1962 साली लंडनची बेरिल स्वेन तिथे उतरली, इटॉम नावाची छोटी इटालियन गाडी घेऊन. त्याआधी 1954 मध्ये इंगे स्टोल टीटीमध्ये होती, पण साइडकारवर, दुसऱ्याच्या जोडीला. स्वतः हँडल धरून एकटीने धावणारी बेरिल पहिली. रेस दोन फेऱ्यांची. शेवटच्या फेरीत टॉप गिअर गेला! तरी पठ्ठीने रेस पूर्ण केली. नंबर आला 22वा.

आता पुढच्या वर्षी काय झालं असेल? आणखी चांगली गाडी? छे! जागतिक संघटनेने, म्हणजे एफआयएमने, रायडरच्या किमान वजनाचा नियम आणला. बेरिल त्यात बसेना. लायसन्स गेलं, करिअर तिथेच थांबलं.

गंमत बघा, नियमात 'बायकांना बंदी' असं लिहायची गरजच पडली नाही. वजनाचा आकडा पुरला. 'तुझ्या काळजीपोटीच सांगतोय' हे वाक्य आपल्याकडच्या मुलींनीही ऐकलंय ना? तसंच काहीसं. टीटीमध्ये सोलो रेसला पुढची बाई, हिलरी मसन, दिसली थेट 1978 मध्ये. सोळा वर्षं गेली मधे.

आता 2018 मध्ये या. स्पेनची ॲना कारास्को, वय 21, गाडी कावासाकी निंजा 400. वर्ल्ड सुपरस्पोर्ट 300 ची शेवटची रेस फ्रान्समध्ये. पंचविसाव्या जागेवरून सुरुवात, शेवट तेराव्या नंबरवर. आणि वर्ल्ड टायटल फक्त 1 पॉइंटने तिचं! मुलांच्या बरोबरीने, त्याच ग्रिडवर. सोलो रोड रेसिंगमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झालेली ती पहिली बाई.

2024 मध्ये बायकांची वेगळी वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली. सगळ्यांना सारखीच यामाहा आर 7. पहिलं टायटल पुन्हा ॲनाचंच.

मग वेगळी रेस हवी की नको? मला विचाराल तर हवी. जास्त मुलींना ट्रॅकवर वेळ मिळतो, स्पॉन्सर मिळतात. फक्त एक अट. 'तुमची वेगळी आहे ना, मग इकडे कशाला येता?' असं उद्या कुणी म्हणायला नको. दार आत यायला असावं, बाहेर ठेवायला नाही.

बेरिलला हरवलं ते रस्त्याने नाही, कागदाने. म्हणून पुढच्या वेळी एखादा नियम 'तुमच्या भल्यासाठी' आला, तर आधी विचारा, बाहेर नेमकं कोण राहतंय?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, हेल्मेट घाला!