निकालाचे भाकीत आणि कारणांचा गुंता



शाळेचा निकाल खाली आला की त्याचे एकच कारण हुडकण्याची घाई होते. कोणी हजेरीपटाकडे बोट दाखवितो, कोणी पालकांच्या निरक्षरतेकडे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल घ्यावे. त्याची हजेरी घटते, घरी अभ्यास पाहणारे कोणी नसते आणि हे सारे एकाच वेळी घडते. अशा गुंत्यातून प्रत्येक कारणाचा वाटा निराळा काढू पाहणारी संख्याशास्त्रातील रीत म्हणजे बहुचल समाश्रयण. इतर गोष्टी समान धरल्या असता हजेरीतील फरकाबरोबर निकालात किती फरक आढळतो, हे तिच्यातील गुणांक सांगतो. फरक आढळतो एवढेच. हजेरीमुळेच तो घडतो, असे नव्हे.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल सादर केला. मुलांच्या गुणांशी घरच्या परिस्थितीचा संबंध दृढ असून शाळेतील साधनांचा वाटा थोडा आहे, असे त्यातून निघाले. शाळेने काही होत नाही, असा अर्थ अनेकांनी लावला. त्यावर १९६८ साली बोल्स व लेव्हिन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी मार्मिक आक्षेप घेतला. गरीब घरची मुले बहुधा गरीब शाळांतच असतात. गणितात घर आधी मांडले, की दोहोंचा सामाईक वाटा घराच्याच खाती जमा होतो! शिवाय शिक्षकाच्या गुणवत्तेचा परिणाम वंचित मुलांवर अधिक होतो, हे त्याच अहवालात नमूद होते. ते मात्र थोड्यांनीच वाचले असावे.

खेड्यातील शाळेला आणखी एक अडचण आहे. वर्गात आठ मुले असतील, तर एका मुलाच्या नापास होण्याने निकाल शेकडा साडेबारांनी उतरतो. असा उतार पुष्कळदा निव्वळ योगायोगाचा असतो व पुढील वर्षी काहीही न करता भरून निघतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून शिक्षकाला दोष देणे जसे अन्यायाचे, तसेच पुढील वर्षीच्या वाढीचे श्रेय तपासणीला देणेही भाबडेपणाचे होय.

भाकीत करावयाचेच, तर उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा प्रत्येक मुलाचे गुण घ्यावेत. चौतीस आणि चार ह्यांतील अंतर टक्केवारीत दिसत नाही. मागील वर्षाचे गुण, महिनावार हजेरी, स्थलांतराचे महिने आणि घरापासूनचे अंतर एवढी नोंद चार-पाच वर्षे एकाच पद्धतीने ठेवावी, व केंद्रातील सर्व शाळांची एकत्र करावी. ज्या मुलाचे भाकीत नापासाचे येईल, त्याचे नाव जादा तासांच्या यादीत प्रथम घालावे.