डबा वेगळा केल्याने जंतू जात नाहीत



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत झाले. तरी आज जंतूंविषयी बोलावयाचे धाडस करतो, कारण आमच्या हातून एक चूक घडली आहे.

भंडारा जिल्ह्यात बाया एकमेकींच्या ओसरीवर जमून विड्या वळतात. दुपारी डबे एकत्र सोडतात. अशाच एका ओसरीवरच्या बाईला क्षय झाला. औषध चालू होते, डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. तरी आम्हीच पुढाकार घेऊन तिचा डबा, तिचा पेला वेगळा करावयास लावला. आठ दिवसांत ती यायचीच थांबली.

पुढे आम्ही पुस्तके उघडली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविला. तो पसरतो रोग्याच्या खोकल्यातून, हवेवाटे, ताटापेल्याने नव्हे. म्हणजे उघडावयाची होती ती खिडकी. आम्ही दूर केली ती बाई!

ही रीत आमच्या रक्तात कोठून आली, हे सांगावयास नको. १९२७ साली महाडला अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात शेण आणि गोमूत्र ओतण्यात आले. विटाळाचे भय असे आंधळे असते.

मग एकत्र जेवण्यात धोका नाही काय? आहे. पटकी, विषमज्वर, काही प्रकारची कावीळ यांचे जंतू विष्ठेतून हाताला, पाण्याला आणि तेथून अन्नाला लागतात. जात ते विचारीत नाहीत. तेंदूपत्ता भिजवलेल्या पाण्यात बुचकळलेला हात म्हणजे धुतलेला हात नव्हे. साबण लावावा, पिण्याचे पाणी झाकावे, ते ओगराळ्याने काढावे, भाजी चमच्याने वाढावी.

पण साबणाला पाणी लागते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यात पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा आणि संडास सांगितले. घरोघरच्या ओसरीपर्यंत ती सोय पोचली नाही. तेव्हा स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्याने आधी नळ मागितला पाहिजे.

आम्ही त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी भाकर वाढली आणि एवढेच म्हटले, “भाऊ, साबण तिकडे आहे. आधी हात धुवा.”

आम्ही धुतले. आपणही धुवावेत, पण पंगत मोडू नये, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.