इंग्रजी शिकावी, ती मराठीच्या आधाराने

(उदगीर येथील पालक मेळाव्यात एका निवृत्त इंग्रजी शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या गावात नव्वदीच्या घरातील जी वडीलधारी मंडळी आज हयात आहेत, त्यांना त्यांच्या शाळेविषयी एकदा अवश्य विचारा. घरात मराठी, मोंढ्यात मराठी आणि कानडी, आणि शाळेत गणित-भूगोल मात्र उर्दूतून, असे त्यांचे बालपण गेले. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. उर्दू भाषेशी आपले वैर नाही, पण उदगीरच्या कुणब्याच्या पोराला ती घरी कोणी बोलत नव्हते. ज्या राजवटीत भाई श्यामलालजींनी १९३८ साली बिदरच्या तुरुंगात देह ठेवला, ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली आणि मराठीतून शिकण्याची वाट मोकळी झाली. मग आज, कोणाचीही सक्ती नसताना, आपण आपल्या लेकरांना पुन्हा परक्या माध्यमात का नेऊन बसवितो?

कोणी म्हणेल, हे गुरुजी इंग्रजीच्या विरोधात बोलायला उभे राहिले. तसे नाही. सारा जन्म मी इंग्रजीच शिकविली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात जी राष्ट्रीय वृत्तीची शाळा काढली, तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होते. दुसऱ्याच वर्षी ‘केसरी’ मराठीत निघाला आणि ‘मराठा’ इंग्रजीत. राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सुनावता यावे, एवढी इंग्रजी या मंडळींना येत होती. पण त्यांचा विचार मराठीत घडलेला होता.

भाषा शिकणे आणि भाषेतून शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी माध्यमातील चौथीच्या एका मुलाने मला ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या न अडखळता म्हणून दाखविली. मी विचारले, “बाळ, झाड अन्न कोठे तयार करते?” तो गप्प. मराठीत विचारले, तरीही गप्पच. त्याची इंग्रजी पाठांतराची होती आणि मराठी अर्धी राहिलेली. दोष त्या लेकराचा मुळीच नाही.

आता परभाषा म्हणून इंग्रजी कशी शिकावी, ते सांगतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ ही तीन वाक्ये पाहा. मराठीत कोठे ‘मला’, कोठे ‘माझ्याकडे’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकटे ‘हॅव’ पुरते. हा फरक मराठीत समजावून सांगितला, तर पाच मिनिटांचे काम. न सांगता सोडला, तर मूल शब्दाला शब्द जोडून ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असे वाक्य करते आणि वर मार खाते. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, हे ज्याला उमगले, त्याला इंग्रजीचे क्रियापद सोपेच वाटावे. ते कर्माकडे पाहतच नाही. अडचण येते ती ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची, कारण आपल्याकडे तशी सोयच नाही. तेथे सराव हाच उपाय. शब्दांचेही तसेच. सुट्या शब्दांच्या याद्या घोकण्याने काही साधत नाही. शब्द कोणत्या सोबत्याबरोबर येतो, ते टिपावे लागते. आपण लक्ष ‘देतो’. इंग्रज माणूस त्यासाठी ‘पे’ वापरतो, म्हणजे लक्षाचेही पैसे मोजतो! व्यापारी जात, दुसरे काय.

उच्चारांच्या बाबतीत तर आपण फार मोठे धन विसरून बसलो आहोत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णांची मांडणी शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथांनी शेकडो वर्षांपूर्वी केली. अमेरिकन पंडित व्हिटनी याने १८६२ साली अथर्ववेदाचे प्रातिशाख्य संपादून प्रसिद्ध केले. हीच फूटपट्टी इंग्रजीला लावा. ‘टेबल’मधला पहिला वर्ण आपल्या ‘ट’सारखा मूर्धन्य नाही आणि ‘त’सारखा दंत्यही नाही, जीभ वरच्या दातांमागील हिरडीला टेकते. ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, पण ‘फॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर येतात. आपण ‘वेस्ट’ एकच म्हणतो. इंग्रजीत पश्चिम दिशा ओठांचा चंबू करून आणि बंडी दात ओठाला लावून उच्चारावी लागते. आणि प्राणिसंग्रहालयाचा ‘झू’? ‘माझा’ शब्दातील ‘झ’ म्हणा, तो वर्ण आपल्या तोंडात आधीच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही, ती म्हणजे आघात. आपण सारी अक्षरे जवळजवळ सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर. हे पुस्तकात पाहून येत नाही. ऐकून, मोठ्याने म्हणूनच येते.

त्यासाठी भीती जायला हवी. आपल्या मोंढ्यातील आडत्या बिदरकडच्या शेतकऱ्याशी कानडीत भाव ठरवितो. त्याने कोठे व्याकरण घोकले होते? संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण वर्गात सामान्य गृहिणी संस्कृत बोलू लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे चुकणाऱ्याला कोणी हसत नाही. तसाच तासभराचा इंग्रजी संभाषण वर्ग वस्तीवस्तीत का चालू नये? गावात निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत, सायंकाळी रिकाम्या असणाऱ्या खोल्या आहेत. शुल्क नको, गणवेश नको. मुलांबरोबर आयांनीही बसावे.

माझ्यापुरते सांगतो. येत्या सोमवारपासून सायंकाळी सहा वाजता मी माझ्या ओसरीवर असा वर्ग घेणार आहे. ज्यांना पाठवायचे असेल त्यांनी पाठवावे. मुलांनी येताना मराठी वाचनाचे पुस्तक बरोबर आणायचे आहे. पहिली दहा मिनिटे त्यातीलच उतारा मोठ्याने वाचून घेईन.